जवाची आंबील आणि भुकेची संप्रेरके

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींत वजनाचा विषय निघाला की हल्ली दोन गोष्टींची नावे एका दमात घेतली जातात : भूक कमी करण्यासाठी आठवड्याला टोचून घ्यायचे सेमाग्लुटाइड हे औषध आणि तेच काम फुकटात करते असे सांगितले जाणारे ओट्सचे किंवा जवाचे घरगुती पेय. जवाची आंबील मी नेमाने आणि आवडीने घेतो, म्हणूनच तिच्या नावावर खपवला जाणारा हा दावा मला खटकतो.

जठरातून स्रवणारे घ्रेलिन हे संप्रेरक (हार्मोन) भूक चेतवते. जपानी संशोधकांनी १९९९ साली ते शोधून काढले. ते नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी वर चढते. त्यामुळे रोज संध्याकाळी पाचला शेवेचा डबा उघडणाऱ्या घरात पाच वाजता लागणारी भूक खोटी नसते, तिला सवयीने शरीरात जागा करून दिलेली असते. याउलट अन्न आतड्यात उतरू लागले की तिथल्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके सोडतात आणि मेंदूला ‘आता पुरे’ असा निरोप जातो.

आंबिलीचे बळ आहे ते जवातल्या बीटा-ग्लुकन या विद्राव्य तंतूत. पाण्यात शिजल्यावर तो दाट आणि बुळबुळीत होतो, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतो, साखर रक्तात सावकाश उतरू देतो आणि न पचता मोठ्या आतड्यात पोचला की तिथल्या जिवाणूंच्या हाती लागून अशी मेदाम्ले तयार होतात, जी तृप्तीची संप्रेरके सोडणाऱ्या पेशींना चेतवू शकतात. म्हणूनच गाळून पातळ केलेल्या जवाच्या पाण्याकडून मला फारशी अपेक्षा वाटत नाही.

सियागंजातून आणलेले तूस काढलेले जव मंद आचेवर खमंग भाजून मी त्यांचे पीठ करून ठेवतो. एका माणसासाठी दोन मोठे चमचे पीठ थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे, दोन वाट्या पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत राहावे. आधी ते नुसते गढूळ पाणी दिसते, मग बुडाशी धरू लागते आणि आठ-दहा मिनिटांनी सगळ्यावर एकदम चकाकी येते. पळी उलटी केली तर धार न लागता पेज सावकाश ओघळते. ती पूर्ण निवल्यावरच ताक घालावे, नाहीतर ते फाटते. वरून सैंधव, जिरेपूड आणि किसलेले आले. गूळ अजिबात नको. संध्याकाळच्या भुकेच्या थोडे आधी ही वाटी पोटात गेली की शेवेकडे हात वळत नाही, असा माझा अनुभव आहे.

मात्र इंजेक्शनशी तिची तुलना होऊ शकत नाही. शरीरात तयार झालेले जीएलपी-१ दोनेक मिनिटांत निम्मे निकामी होते, तर त्याचीच नक्कल करणारे सेमाग्लुटाइड निम्म्यावर यायला सुमारे आठवडा लागतो. शिवाय वजन उतरले की शरीर स्वस्थ बसत नाही : चरबीच्या पेशींतून येणारे, भूक आवरणारे लेप्टिन घटते, घ्रेलिन वाढते, आणि ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०११ साली दाखवून दिल्याप्रमाणे वजन घटवल्यानंतर वर्षभरानेही भुकेची ही ओढ टिकून असते. एवढ्या जोरापुढे एक वाटी आंबील फार तर संध्याकाळचे दोन तास सांभाळू शकते, आणि मालव्यातल्या खाण्यापिण्यात ते दोन तासही मोलाचे आहेत. पण ज्यांचे वजन पुन्हा वाढले त्यांना ‘तुम्ही आंबील नीट घेतली नाही’ असे सुनावणे हा अन्याय आहे.

जवात ग्लूटेन हे प्रथिन असते, म्हणून सीलिॲक हा ग्लूटेन न सोसणारा आजार असणाऱ्यांनी ही आंबील घेऊ नये. त्यांनी ज्वारीची करावी, फक्त तिच्यात बीटा-ग्लुकन जवाइतके नसते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी जेवणाच्या जागी आंबील घ्यायची ठरवली, तर औषधाची मात्रा आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावी, कारण जेवण कमी झाले आणि औषध तेवढेच राहिले तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.