तुम्ही विचारलंत म्हणून: शॉकअप बदलून आराम मिळतो का?

जामसंड्याच्या पंपावर विचारलंत, दोन लग्नांत पंगतीला वाढता वाढता विचारलंत, एकाने तर बाराव्याला आलेल्या माणसांत मला बाजूला घेऊन विचारलं. "शॉकअप-स्प्रिंगा बदललंस म्हणे. आराम वाटता काय? आमी पण बदलूया काय?" दर वेळी मी "बरं आहे" म्हणून सटकलो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात माझी थोडी अब्रू अडकलेली आहे. आता एकदाच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या लग्नात निदान जिलबी तरी शांतपणे खाता येईल.

गाडी कुठली, कधी घेतली, कितीला पडली हे सांगत बसत नाही. तुमच्यातल्या निम्म्यांनी नांदगावच्या तिठ्यावर हात दाखवून तीच थांबवलेली आहे.

शॉकअप बदलायचे होतेच. ८० हजार किलोमीटर झाले होते, मागच्या दोन्ही शॉकअपनी तेल सोडलं होतं. खड्डा गेला तरी गाडी पुढची दहा-पंधरा पावलं वरखाली होत राहायची. वळणावर अशी अंग टाकायची की कुणकेश्वरला जाईस्तोवर आई मधल्या सीटवर लिंबू हुंगत, डोळे मिटून बसलेली असायची. तिला गाडी कधीच लागायची नाही, ती या गाडीत लागायला लागली. तेव्हा "आईसाठी बदलतोय" हे मी सगळ्यांना सांगितलं ते खोटं नव्हतं.

पण ते अर्धंच होतं. फक्त आईसाठी करायचं असतं तर कंपनीचेच नवीन शॉकअप टाकून, कडक झालेले रबरी बुश बदलून मी गप्प बसलो असतो. खर्चही पाव लागला असता. मी काय केलं? महिनाभर रात्री मोबाइलवर दुसऱ्यांच्या उंच केलेल्या गाड्या बघितल्या. ४० मिलिमीटर उंची वाढवणारा सेट, जाड नळीचे शॉकअप, कडक स्प्रिंग. गाडी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसते. कातळावरच्या आमच्या बागेत जायची वाट तुम्ही बघितलीय, तिथे पोट घासतं, हे कारण तयारच होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ठणकावलंय, हे भाच्याने सांगितलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कोल्हापूरच्या गॅरेजवाल्याला दोष देऊ नका. त्याने पहिला प्रश्न बरोबर विचारला, "मागं वजन किती असतंय?" मी छाती फुगवून सांगितलं की आंब्याच्या दिवसांत मागच्या सीटा पाडून २० पेट्या भरतो, फळ धरून पेटी १८-२० किलोची, म्हणजे चारशे किलोच्या आसपास. त्याने त्या हिशोबाने स्प्रिंग काढली. मार्च ते मे हे तीन महिने मी त्याला सांगितले. उरलेले नऊ महिने त्या गाडीत एक ७४ वर्षांची, ४५ किलोची बाई बसते, हे सांगायचं मला सुचलं नाही. त्यानेही विचारलं नाही. (एवढं तरी त्याने विचारायला हवं होतं, असं मला अजून अधूनमधून वाटतं.)

इथे थोडी यंत्राची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते. शॉकअप काहीच उचलत नाही. दाबली गेलेली स्प्रिंग उसळते, ती उसळी जिरवायचं काम शॉकअपचं. आतल्या तेलाला बारीक झडपांतून ढकलायचं आणि त्या धडपडीत उसळीची ताकद उष्णतेत घालवायची. शॉकअप मेला की गाडी होडी होते, तसं आमचं झालं होतं. आणि स्प्रिंग ज्या वजनासाठी बनलेली आहे ते वजन नसलं, तर खड्ड्यात ती दबतच नाही. मग खड्डा जसाच्या तसा वर येतो. सेकंदाला एखादा, सव्वा हेलकावा माणसाला सुखाचा वाटतो, चालताना साधारण तसंच हलतं शरीर. सेकंदाला चार ते आठ अशी बारीक, उभी थरथर बसलेल्या माणसाच्या कण्याला सगळ्यात जास्त बाधते. कडक शॉकअप ती थरथर इमानदारीने सीटपर्यंत पोचवतो. हे सगळं मला आज माहीत आहे. तेव्हा मला फक्त मिलिमीटर माहीत होते.

आता ती सप्टेंबरातली गोष्ट. गणपती जाऊन आठवडा झाला होता. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आधीच झालेलं, नुसत्या तपासणीला कोल्हापूरला जायचं होतं. फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी, नेहमीचा रस्ता. मी, ताई आणि आई. मागे डिकीत एक छत्री आणि पाण्याची बाटली, बाकी गाडी रिकामी. नवीन सेट बसवून तीनच आठवडे झाले होते आणि मी कोणाला तरी दाखवायला टपलेलो होतो.

शिरगावच्या पुढे रस्ता पावसाने खाल्लेला होता. डांबर गेलेलं आणि कडा धारदार राहिलेल्या. पूर्वी मी तिथे पहिला-दुसरा गिअर टाकायचो. त्या दिवशी टाकला नाही. गाडी डुलत नव्हती ना आता, मग वेग वाढलेला माझ्या लक्षात कुठून येणार. एका ठिकाणी मागचं चाक आपटलं. आई नुसती "हं" म्हणाली. कोणीतरी हाक मारल्यावर म्हणतो तसं. मी आरशात बघितलं. ती वरच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसली होती. "काय झालं गो?" "काय नाय. तू चल."

आणि मी चाललो. घाटात मी ताईला काय सांगत होतो, ते सांगायला आजही जीभ रेटत नाही, पण सांगतो. "बघ, वळणावर जराही अंग टाकत नाही. पूर्वी इथे आईला लिंबू लागायचं. आज लागलं?" ताई म्हणाली, खरंच नाही लागलं. आईने काहीच म्हटलं नाही. दाजीपूरला चहाला थांबलो तर ती उतरली नाही, म्हणाली मला नको. मला वाटलं, झोप लागली असेल. म्हटलं, बघा, या गाडीत आता झोपसुद्धा लागते.

कोल्हापुरात दवाखान्याच्या दारात तिला उतरताच येईना. पाय खाली सोडला आणि तशीच थिजली. डोळ्यांचं राहिलं बाजूला, दुपारी हाडांच्या डॉक्टरांकडे एक्स-रे. पाठीचा एक मणका पुढून दबलेला, पाचरीसारखा. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालेली आहेत, अशा हाडांना एखादा धक्काही पुरतो, कधी कधी खोकल्यानेही होतं. मी विचारलं, "आजच झालं का हे?" ते म्हणाले, एक्स-रेवरून तारीख सांगता येत नाही, आधीचंही असेल. एमआरआयवरून अंदाज येईल. एमआरआय आम्ही काढला नाही. उपचार तेच राहणार होते, पट्टा, विश्रांती, गोळ्या. त्या नळकांड्यात जायला आईही तयार नव्हती. आणि मीही जोर केला नाही, हे लिहून ठेवतो. उत्तर नको होतं मला.

दोन दिवसांनी परत निघायच्या वेळी ती ताईला म्हणाली, "मी एशटीन येतंय." पट्टा बांधलेल्या बाईला एसटीत कोण बसवणार? मी म्हटलं, आई, सावकाश नेतो, वीसच्या वर जाणार नाही. तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "गाडी तुजी बरी आसा रे. पण कंबर माजी आसा."

शेवटी भाड्याची गाडी केली. जुनी, बसकी, सीटांचा स्पंज बसलेला, शॉकअप कधीचे गेलेले. पुढची सीट पूर्ण आडवी पाडून, खाली चादरी घालून तिला निजवली. ताई मागे बसली. आणि त्यांच्यामागून मी, माझी लाखभर खर्चाची गाडी रिकामी चालवत, कोल्हापूर ते देवगड. चार तास पुढे तेच बघत होतो. प्रत्येक खड्ड्याला त्या गाडीचं बूड हळूच खाली बसायचं, परत वर यायचं, आणखी एकदा बसायचं. मेकॅनिकच्या भाषेत ती गाडी भंगार होती. फोंड्याला चहाला थांबलो तेव्हा आई घोरत होती.

तेव्हाचा मी आजच्या माझ्याशी भांडतो, तो असा. म्हणतो, दोष स्प्रिंगचा कशाला, तू हळू गेला नाहीस. बरोबर आहे. म्हणतो, जुने मेलेले शॉकअप ठेवले असते तर धारेच्या खड्ड्यात चाक तळाला आपटून आणखी मोठा दणका बसला असता. तेही खरं असू शकतं. म्हणतो, मणका आधीच दबलेला होता. असेल. माझ्याकडे त्याला गप्प करणारं काही नाही. एवढंच सांगू शकतो की "हं" मी ऐकलं होतं आणि गाडी थांबवली नव्हती. त्यात स्प्रिंगचा काही संबंध नाही.

पुढचं पटकन सांगतो. दिवाळीच्या आत मूळच्या स्प्रिंगा परत बसवल्या, मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, पोत्यात गुंडाळून ठेवल्या होत्या म्हणून वाचलो. शॉकअप नवीन घेतले, मूळच्याच उंचीचे आणि मऊ. बुश सगळे बदलले. आणि फुकटातलं फुकट म्हणजे टायरमधली हवा. दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर कंपनीने आकडा दिलेला असतो. पंपावरचा पोरगा विचारल्याशिवाय ४० मारतो आणि आपण त्याला वर पाच रुपये देतो. आमच्या कागदावर ३२ आहे. ३२ केल्यावर जो फरक पडला तो बघून मला हसावं की रडावं कळेना. तुमच्यापैकी ज्यांनी "आमी पण बदलूया काय" विचारलं, त्यांनी आधी तो कागद वाचा. मग बुश बघा. मग शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का बघा, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्यावर लाल गंज आणि धूळ बसून तो लपतो, बोट फिरवून बघा. स्प्रिंगला हात लावायचा असेल तर वर्षातल्या बाराही महिन्यांचं वजन सांगा, माणसांसकट.

तर मग आराम मिळतो का? मिळतो, असं म्हणावं लागेल. पण आता मी हळू चालवतो. आई पुढे बसते, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, जिथे दणका कमी लागतो. खड्डा लांबून दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. यातलं कशामुळे किती बरं वाटतं हे वेगळं काढायचं तर पुन्हा तसाच बेदरकार चालवून बघावं लागेल. शिवाय मूळ स्प्रिंगवर २० पेट्या भरल्या की गाडी मागून बसते, म्हणून या मोसमात आंबा टेम्पोने पाठवला आणि भाडं बघून त्या कडक स्प्रिंगा किती शहाण्या होत्या हेही आठवलं. हे आईला सांगितलेलं नाही.

त्या स्प्रिंगा आता मांगरात आहेत, त्याच पोत्यात. परवा पलीकडच्या वाडीतला एकजण विचारायला आला, त्याच्याकडे हीच गाडी आहे, चिरे आणि सिमेंट वाहतो, म्हणाला अर्ध्या किमतीत दे. त्याच्या कामाला अगदी योग्य आहेत. मी विचारलं, घरात म्हातारं कोण आहे? तो हसला. "आई आसा. कित्या?" मी म्हटलं, सोमवारी सांगतो.

सोमवार होऊन गेला. त्याचा दोनदा फोन येऊन गेलाय.