फट अजून दिसते

आज एक्स-रे झाला. डॉक्टरांनी मागची फिल्म आणि आजची शेजारी-शेजारी लावून पेनाच्या टोकाने दाखवलं. मांडीच्या हाडाच्या मानेतली, म्हणजे खुब्यातल्या गोळ्याखालच्या अरुंद भागातली, मोडीची ती बारीक काळी रेघ फिकी झालीय, पण आहे. "स्क्रू जागेवर आहेत, हाड सरकलेलं नाही. पण अजून पुरतं धरलं नाही. वॉकर सोडून काठी इतक्यात नको." घरी येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

माझ्या मागून मनगट मोडलेली मैत्रीण केव्हाच कामाला लागली. मग माझंच हाड का मागे? हे आज त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, मनगटाला बाहेरच्या आवरणातून नवं हाड फुटतं आणि मोडीभोवती धरतं. खुब्याच्या सांध्याच्या आत, मानेच्या त्या भागाला तसं काम करणारं आवरणच नसतं. फटीच्या दोन कडांनाच आतून जुळावं लागतं. त्यात हाडाच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या त्याच मानेवरून वर चढतात, मोड तिथे झाली की त्याही दुखावतात. म्हणून हाड जुळल्यावरही दोनेक वर्षं ते लक्ष ठेवणार. रक्त कमी पडलं तर गोळा खचू शकतो. ऐकून पोटात गोळा आला. तरी सांगितलं ते बरंच झालं.

संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट ताईंनी वजनकाटा मांडला. ऑपरेशनचा पाय काट्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या फळीवर, हात वॉकरवर. "सावकाश भार द्या, १५ किलोवर थांबा." मग काट्याकडे न बघता तेवढाच भार द्यायचा. पोटरी थरथरत होती, तळव्याला घाम सुटला होता, पण थोड्या वेळाने पावलाला ते वजन कळायला लागलं. पाय सरळ अधांतरी धरला तर जास्त सुरक्षित नाही का, असं मी विचारलं. तर उलटंच आहे. पाय वर धरून ठेवायला खुब्याभोवतीचे स्नायू आवळतात आणि त्यांचाच दाब सांध्यावर येतो. त्यापेक्षा पाऊल हलकेच टेकवलेलं बरं. आणि एका पायावर उभं राहिलं, तर त्याच स्नायूंमुळे खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो म्हणे! हाड धरेपर्यंत तो सगळा स्क्रूंनी पेलायचा, आणि रोज तसा ताण बसला तर धातूही थकतो. हे समजल्यापासून वॉकरवरचा माझा राग बराच उतरला.

"अजून वॉकरच?" असं विचारणाऱ्यांवरचा मात्र उतरलेला नाही. प्रत्येकाला हाडाची मान आणि रक्तवाहिन्या समजावत बसायची ताकद माझ्यात नाही.

पुढच्या वेळी ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट न्यायचा आहे. आणि कुशीवर कधीपासून झोपता येईल, हेही विचारायचं आहे. उताणं झोपून झोपून जीव अगदी कंटाळलाय.