मॅग्नेशियम मिसळलेला सोलर सेल: माझा अनुभव

बेळगावात एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टला मी डाय-सेन्सिटाइज्ड सोलर सेल घेतला. ओ'रेगन आणि ग्रॅट्झेल यांनी १९९१ मध्ये पुढे आणलेल्या या सेलला सिलिकॉन लागत नाही. पारदर्शक पण वीज वाहणाऱ्या काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या नॅनोकणांचा थर द्यायचा आणि तो रंगात भिजवायचा. रंग उजेड शोषून थराला इलेक्ट्रॉन देतो. गेलेला इलेक्ट्रॉन त्याला आयोडीनच्या द्रावणातून परत मिळतो.

रुथेनियम या महागड्या धातूचा डाय, म्हणजे रंग, परवडण्यासारखा नव्हता. जून महिना होता, खानापूरकडची जांभळं बाजारात आली होती. त्यांचाच अर्क काढून फ्रीजमध्ये ठेवला. जांभळाला रंग देणाऱ्या काही अँथोसायनिनांवर दोन हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) शेजारी-शेजारी असतात, आणि तीच टायटॅनियाला, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडला, धरून बसतात.

कण बनवायला मात्र सरांनी पावसाळा सरेपर्यंत थांबवलं. ज्यापासून कण करायचे ते टायटॅनियम आयसोप्रॉपॉक्साइड हवेतल्या नुसत्या ओलाव्यानेही पांढरं पडतं, आणि आमच्याकडचा पाऊस काय असतो ते सीमाभागातल्या कुणालाही सांगायला नको. दिवाळीनंतर काम धरलं. त्यात मॅग्नेशियम नायट्रेट थोडं-थोडं वाढवत वेगवेगळे नमुने केले आणि ४५० अंशांवर भट्टीत भाजले.

एक्सआरडीसाठी, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासायला, नमुने कोल्हापूरला पाठवले. आलेखात २५.३ अंशांजवळ टायटॅनियाच्या स्फटिकरूपाचं, म्हणजे अ‍ॅनाटेजचं शिखर ठळक आलं, मॅग्नेशियम ऑक्साइडचं वेगळं शिखर नव्हतं. मला तेवढ्याने समाधान नव्हतं, कारण इतकं कमी ऑक्साइड वेगळं पडलं असतं तरी एक्सआरडीत दिसेलच असं नाही. मॅग्नेशियमचा आयन टायटॅनियमपेक्षा मोठा. तो स्फटिकाच्या जाळीत शिरला असेल तर शिखर डावीकडे सरकायला हवं. किंचित का होईना, सरकलं होतं.

मग सेल मोजले. मॅग्नेशियम वाढवावं तसं व्होल्टेज चढत गेलं आणि करंट उतरत गेला. याची संगती लावण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि प्रोजेक्टमधला तोच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मॅग्नेशियमने टायटॅनियाचा कंडक्शन बँड, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात ती ऊर्जापातळी, वर जातो. आयोडीनच्या पातळीपासूनचं त्याचं अंतर वाढतं, म्हणून व्होल्टेज जास्त. पण तेवढ्या उंचीवर इलेक्ट्रॉन चढवणं जांभळाच्या रंगाला जड जातं. व्होल्टेज आणि करंट यांचा गुणाकार, म्हणजे पॉवर, सगळ्यात कमी डोपिंगच्या (मॅग्नेशियम मिसळलेल्या) नमुन्यात उत्तम आला; पुढे प्रत्येक वाढीला ती घटतच गेली. आता तोच नमुना नीट सील करायचा आहे, कारण उघड्या कडांतून द्रावण उडून जातं.