बारा मशीनं आणि एक टिल्ड

सकाळचं संकलन आटोपलं की दूध संस्थांचे फोन सुरू होतात. त्या दिवशी पहिला फोन करवीर तालुक्यातल्या एका सचिवांचा. "मॅडम, आमच्या पावतीवर तारीख अजून इंग्रजीतच येतीय बघा. शेजारच्या गावात कालपासून मराठीत यायला लागलीय. आमचंच काय अडलंय?"

अडलं होतं ते सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीला मी दिलेल्या नंबरात.

आमचं सॉफ्टवेअर संकलन केंद्रावरच्या छोट्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर चालतं. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) घ्यायचं, दर लावायचा, पावती छापायची. रात्री अकराला प्रत्येक मशीन आमच्या रेपोत, म्हणजे पॅकेजांच्या साठ्यात, डोकावतं आणि नवं पॅकेज असेल तर उतरवून घेतं. मी बारा केंद्रांवर चाचणीसाठी २.४.०-आरसी.१ पाठवलं होतं (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, पक्क्याआधीची आवृत्ती). आठवड्याने मराठी तारखेसह पक्कं २.४.०-१ सोडलं. बाकीची मशीनं एका रात्रीत नव्यावर गेली, ही बारा जागची हलली नाहीत. लॉगमध्ये एरर नव्हती. अपग्रेड करण्यासारखं काही नाही, एवढंच एपीटी, म्हणजे डेबियनचं पॅकेज उतरवून घेणारं साधन, सांगत होतं.

एपीटीच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवतं ते डीपीकेजी. लॅपटॉपवर त्याची आवृत्त्यांची तुलना करणारी कम्पेअर-व्हर्जन्स कमांड चालवली. २.४.०-आरसी.१ ही २.४.०-१ पेक्षा लहान आहे का? एक्झिट कोड १, म्हणजे नाही. चाचणीची आवृत्ती पक्क्यापेक्षा मोठी!

डीपीकेजी नंबर कसा वाचतं ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. शेवटचा हायफन दिसला की तिथे तुकडा पाडायचा. डावीकडे मूळ सॉफ्टवेअरची आवृत्ती, उजवीकडे पॅकेजिंगची. आमच्या दोन्ही नंबरांत डावीकडे २.४.० होतं, म्हणजे बरोबरी. मग उजवीकडे 'आरसी.१' आणि '१' यांची तुलना. आधी अंकांच्या अगोदरचा मजकूर बघायचा: एकाकडे 'आरसी.', दुसऱ्याकडे काहीच नाही. आणि अक्षर हे रिकाम्या जागेनंतर येतं. आरसी जिंकली. या नियमाला एकच अपवाद आहे, टिल्ड. कीबोर्डवर एस्केपच्या खाली असते ती लाटेसारखी खूण. टिल्ड रिकाम्या जागेच्याही आधी लागते, म्हणून २.४.०~आरसी.१-१ ही २.४.० च्या आधी येते.

मी हायफन टाकला तो सेमव्हरच्या, म्हणजे आवृत्तीला नंबर द्यायच्या दुसऱ्या एका पद्धतीच्या, सवयीने. ती पाळणाऱ्या एनपीएमच्या (जावास्क्रिप्टची पॅकेजं) जगात हायफननंतर आरसी लिहिलं की ती पक्क्याच्या आधीची धरतात. नियम दोन्हीकडचे नीट लिहून ठेवलेले आहेत, मी एका घरचा दुसऱ्या घरात वापरला.

आता सोडवायचं कसं? एका सहकाऱ्याने सुचवलं, रेपोमधून आरसी काढून टाकू. त्याने काही होत नाही, कारण एपीटी तुलना करतं ती मशीनवर आधीच बसलेल्या आवृत्तीशी. दुसरा म्हणाला, इपॉक लावू: नंबराच्या आधी '१:' लिहिलं की बाकी काहीही असो, ते मोठंच ठरतं. याला मी ठाम नाही म्हटलं. इपॉक एकदा लागला की त्या पॅकेजला कायमचा चिकटतो, आणि फाइलच्या नावात तो दिसतही नाही. एका रात्रीच्या चुकीसाठी पुढच्या प्रत्येक रिलीजला हे ओझं कशाला? तोच कोड २.४.१-१ म्हणून सोडला. डावीकडचाच आकडा वाढला, बारा मशीनं रात्री अकराला आपसूक वर आली. नंबर फुकट आहेत, एखादा वाया गेला तर जाऊ द्यावा. मात्र एकदा बाहेर पडलेल्या नंबराखाली वेगळा कोड कधीच घालू नये, तसं केलं की कुठल्या गावात काय चाललंय हे कुणालाच सांगता येत नाही.

मागे जायची वेळ आमच्यावर पुढे आलीच. २.५.० मध्ये दर काढताना पैशांचं राउंडिंग चुकत होतं. उत्पादकाच्या पैशाचा प्रश्न, त्याच दिवशी जुना कोड परत हवा. तेव्हा डेबियनवाल्यांची रीत उचलली: २.५.०+रिअली२.४.१-१. दिसायला ओबडधोबड आहे, पण मशीनला ते पुढचं वाटतं आणि वाचणाऱ्याला आत काय आहे ते कळतं.

नंबर दिसतो आकड्यासारखा, म्हणून घोळ होतो. २.९ नंतर २.१० कसं, हे हिशेब विभागातले लोक मला अजून विचारतात, आणि शाळेतला दशांश डोक्यात असेल तर त्यांचं बरोबरच आहे. यामल फाइलमध्ये (सेटिंग्ज लिहायची मजकूर फाइल) पायथनची आवृत्ती ३.१० अवतरण चिन्हाशिवाय लिहून बघा, ती दशांश संख्या समजून ३.१ वाचली जाते.

आता बिल्डच्या, म्हणजे कोडपासून पॅकेज बनवण्याच्या, स्क्रिप्टमध्ये दोन ओळी आहेत. शेवटचा प्रकाशित नंबर घ्यायचा, नव्याशी डीपीकेजीकडूनच तुलना करायची. नवा मोठा नसेल तर बिल्ड तिथेच थांबतो. आरसीच्या नंबरात टिल्ड नसेल तरी थांबतो. परवा टीममध्ये नव्याने आलेल्या मुलाचा बिल्ड थांबला, २.६.०-आरसी.१. त्याने विचारलं, "ताई, हायफनचं काय बिघडलं?" मी त्याला डीपीकेजीची ती कमांड चालवायला लावली. १ बघून तो जरा वेळ गप्प बसला, मग हायफन खोडून टिल्ड टाकली.