पळस न काढता पळस रंगवताना

आयुष्यभर निसर्गचित्रं काढलेला चित्रकार साठीनंतर अमूर्ताकडे, भडक रंगांकडे वळला की बारकावे आता त्याच्या हाताला झेपत नाहीत, असं लोक म्हणतात. आम्हाला ते अजिबात पटत नाही. मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मलेले चित्रकार सय्यद हैदर रझा आधी फ्रान्समधली गावं आणि चर्चं रंगवायचे. १९६२ला ते अमेरिकेत शिकवायला गेले. त्याच दशकात त्यांनी तैलरंग सोडून ॲक्रिलिक, म्हणजे पाण्यात कालवायचा रंग, घेतलं आणि चित्रातली घरं विरघळून रंग तेवढा उरला. चित्रकार ना. श्री. बेंद्रे तर आपल्या इंदूरचेच. उतारवयात ते ठिपक्यांच्या शैलीत रमले. ते अमूर्त नव्हे, पण पाहिलेलं पुन्हा नव्यानं मांडण्याची ओढ तीच.

हे करून पाहायचं तर फाल्गुनात इंदूरजवळच्या चोरलच्या वाटेवरचा पळस घ्या. फूल केशरी खरं, पण ते पेटलेलं दिसतं ते खालच्या काळपट, मखमली पुष्पकोशामुळे. चित्राचा विषय हा विरोध आहे, झाड नाही. म्हणून जागेवर बसून तळहाताएवढी पाच-सहा टिपणं करा, फक्त गडद, मध्यम आणि उजळ अशा तीन छटांत. इथे घाई केली तर पुढे कितीही रंग ओता, चित्र उभं राहत नाही.

कॅनव्हास तीन बाय चार फुटांचा घ्या. जेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या आणि मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. काळ्यासाठी ट्यूबमधला काळा नको, तो निर्जीव दिसतो. दोन भाग अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि एक भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, कारण ओलं असताना दुधाळ दिसणारं बाइंडर (रंगाची पूड धरून ठेवणारं माध्यम) नंतर पारदर्शक होतं. त्यामुळे मिश्रण हवं त्याहून किंचित उजळच ठेवा. केशरीला पाचव्या हिश्श्याहून जास्त जागा दिली की त्याचं तेज उतरतं.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती चिखलामुळे. निळा ओला असताना त्यावर केशरी ओढला की दोन्ही एकमेकांना मारतात आणि तपकिरी राखाडी उरते. मे महिन्यात इंदूरच्या कोरड्या हवेत पातळ थर पंधरा मिनिटांत वाळतो, श्रावणात मात्र तासभर थांबावं लागतं. उन्हाळ्यात रंग पॅलेटवरच सुकतात, म्हणून ट्रेमध्ये ओला स्पंज आणि वर बटर पेपर ठेवा. पॅलेट नाइफनं (रंग लावायच्या बोथट सुरीनं) दिलेल्या जाड थरावर हेअर ड्रायर मारू नका. वर साय धरते, आत ओलंच राहतं आणि पुढे तडे जातात.

घरात पडून असलेल्या जुन्या तैलचित्रांवर ॲक्रिलिक चढवायचा मोह होतो. तेलावर ते धरत नाही, काही काळानं पापुद्रे सुटतात. तो कॅनव्हास वापरायचाच असेल तर त्यावर तैलरंगच घ्या, आणि वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा जास्त ठेवा.