आधी ऊब, मग दूध

गेले सोळा दिवस मी सलग दोन तासांच्या वर झोपलेली नाही, त्यामुळे लिखाण जरा विस्कळीत होईल, पण आत्ता डोक्यात सगळं ताजं आहे आणि कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहून टाकते.

आमची माऊ वेळेआधी व्याली. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६५ असतात, डॉक्टर पिल्लं बघून म्हणाले की ही आठवडाभर तरी आधी आलीत. तीन पिल्लं, पोटावर आणि पायांवर केसच नाहीत, गुलाबी पातळ कातडी, तळहातावर घेतलं तर वजन जाणवतही नव्हतं. पूर्ण दिवसांचं पिल्लू १०० ग्रॅमच्या आसपास असतं, यातलं सगळ्यात मोठं ७२ ग्रॅमचं होतं. माऊला दूधच उतरलं नव्हतं, तिने थोडं चाटलं आणि उठून पलंगाखाली जाऊन बसली. तिच्यावर रागवू नका, तिचंही शरीर तयार नव्हतं.

मी घाबरून पहिली गोष्ट केली ती म्हणजे दूध पाजायला धावले, आणि तीच चूक होती. पिल्लू गार असेल तर त्याचं पोट काम करत नाही, दूध तसंच आत पडून राहतं, गिळायची ताकद नसते म्हणून ते फुफ्फुसात जाऊ शकतं. पहिल्या आठवड्यात त्यांना कुडकुडताही येत नाही, म्हणजे स्वतःला गरम करायचा काही मार्गच नाही. सगळ्यात लहान पिल्लू दुसऱ्या दिवशी पहाटे गेलं. ते गार असताना मी त्याच्या तोंडात दूध सोडलं होतं हे मला आठवत राहतं, आणि खरं सांगायचं तर ही पोस्ट मी त्याच्यासाठीच लिहितेय.

तर आधी ऊब. पण हळूहळू, तासाभरात वगैरे, एकदम तापवायचं नाही. मी आधी कपड्याच्या आत छातीशी धरून ठेवलं, मग खोक्यात टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, तीही एकाच बाजूला, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला सरकता आलं पाहिजे, आणि इतकं कमी दिवसांचं पिल्लू सरकू शकत नाही म्हणून तुम्हीच दर थोड्या वेळाने हात लावून बघायचं. खोक्यात थर्मामीटर ठेवला, ३२ अंशांच्या खाली जाऊ दिलं नाही, आणि हवा कोरडी होऊ नये म्हणून बाजूला ओला कपडा.

दूध गाईचं नाही, प्लीज. त्यात प्रोटीन आणि फॅट कमी पडतं आणि जुलाब लागले तर एवढ्याशा जिवात पाणी उरत नाही. मांजरीच्या पिल्लांची दूध पावडर मिळते तीच, कोमट करून, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. पिल्लू पोटावर, डोकं किंचित वर, जसं आईला पितात तसं. बाळासारखं उताणं कधीच नाही. माझ्याकडच्या दोघांना चोखता येत नव्हतं, म्हणून पहिले चार दिवस डॉक्टरांनी नळीने पाजलं आणि नंतर माझ्याकडून समोर बसवून करून घेतलं. व्हिडिओ बघून हे करू नका, नळी चुकून श्वासनलिकेत गेली तर संपलं.

पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने खालून हलकेच पुसायचं, त्याशिवाय त्यांना शी-शू होतच नाही. शू गडद पिवळी दिसली की मी समजायचे पाणी कमी पडतंय आणि डॉक्टरांना फोन.

आणि वजनकाटा! किचनमधला डिजिटल. रोज सकाळी एकाच वेळी वजन करून वहीत लिहायचं. पूर्ण दिवसांची पिल्लं रोज १० ते १५ ग्रॅम वाढतात, माझी ५-६ नी वाढत होती आणि तेवढ्यावर मी खूश होते. एक दिवस धाकटीचं वजन २ ग्रॅमनी उतरलं, दिसायला अगदी व्यवस्थित, तरी तिला लगेच नेलं. इन्फेक्शन सुरू होत होतं. काट्याशिवाय ते मला कळलंच नसतं.

माऊ पाचव्या दिवशी आपणहून खोक्यात येऊन झोपली. दूध अजून फारसं नाही पण चाटते, आणि ती असली की पिल्लं शांत असतात.

आज सकाळी मोठा १६४, धाकटी १४१. मोठ्याचा डावा डोळा किंचित उघडलाय, उजवा अजून मिटलेला. बाराची वेळ झाली, दूध कोमट करायला ठेवते.