हिसार्लिकची टेकडी: होमरचं खरं किती, रचलेलं किती

वायव्य तुर्कस्तानातल्या चनाक्कले शहराहून ट्रॉय साधारण 30 किलोमीटर. ग्रीक कवी होमरने ‘इलियड’मध्ये ज्या नगरावरचं ग्रीकांचं युद्ध गायलं, ते हिसार्लिकच्या या टेकडीवर होतं असं मानतात. दोलमुश मिळते, म्हणजे आपल्याकडची वडापच. दुपारनंतर परतीच्या फेऱ्या कमी होतात, त्यामुळे शेवटची गाडी किती वाजता ते उतरतानाच चालकाला विचारून ठेवावं. बहुतेक मंडळी फाटकाजवळच्या लाकडी घोड्यापाशी फोटो काढतात, अर्ध्या तासात फेरी आटोपतात आणि ‘नुसते दगड आहेत’ म्हणत परततात.

हा घोडा 1975 सालचा. पोटात ग्रीक सैनिक लपवून नगरात नेलेल्या घोड्याचा प्रसंग खुद्द ‘इलियड’मध्ये नाहीच! युद्धाच्या दहाव्या वर्षातले काही आठवडे सांगून ते काव्य ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीपाशी थांबतं. घोडा येतो होमरच्याच दुसऱ्या काव्यात, ‘ओडिसी’त. ग्रीक वीर अकिलीसच्या फक्त टाचेला इजा होऊ शकत होती, ही गोष्ट तर आणखी कित्येक शतकांनंतरची, रोमन काळातली. खरंखोटं निवडायला बसण्याआधी हे बाजूला काढलेलं बरं.

आधी तेवफिकिये गावातलं 2018 साली उघडलेलं संग्रहालय पाहावं, मग टेकडी. थरांचा हिशेब डोक्यात नसेल तर टेकडीवर काहीच लागत नाही. इथे एकावर एक नऊ वस्त्या आहेत. पहिली इ.स.पू. 3000च्या आसपासची, नववी रोमन. फलकांवरचे रोमन आकडे म्हणजे हेच थर.

जर्मन उत्खननकर्ता श्लीमानने 1870 नंतर टेकडीच्या मधोमध मोठा चर खणला. होमरचं ट्रॉय पार तळाशी असणार, या समजुतीने त्याने वरचं बरंच काही उपसून फेकलं, आणि त्यात नेमक्या हव्या त्या काळाच्या इमारतीही गेल्या. 1873 मध्ये सोनं सापडलं, त्याला त्याने ‘प्रायमचा खजिना’ म्हटलं; प्रायम म्हणजे होमरच्या काव्यातला ट्रॉयचा राजा. पण ते दुसऱ्या थराच्या काळातलं, युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून हजारावर वर्षं जुनं. प्रायमचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्यातला मोठा भाग आता मॉस्कोत आहे.

वेळ घालवायचा तो पूर्वेच्या तटाशी. हा सहावा थर, जर्मन पुरातत्त्वज्ञ डॉर्पफेल्डने 1893-94 मध्ये उजेडात आणलेला. चुना-मातीशिवाय बसवलेले घडीव दगड, खालचा भाग आत कललेला आणि ठरावीक अंतरावर उभी खाच. वर कच्च्या विटांची भिंत होती, ती गेली. ‘इलियड’च्या सोळाव्या सर्गात अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस तटाच्या कोपऱ्यावर तीनदा चढतो आणि तिन्ही वेळा अपोलो देव त्याला मागे ढकलतो. उभ्या भिंतीवर हे जमलं नसतं. या उतारासमोर उभं राहिलं की ते शक्य वाटतं. अर्थात एवढ्याने पॅट्रोक्लस खरा ठरत नाही. कवीच्या काळात जुना तट जमिनीवर दिसत होता, इतकंच फार तर म्हणता येईल.

हा सहावा थर इ.स.पू. 1300च्या सुमारास पडला. 1932 ते 1938 इथे खणणाऱ्या अमेरिकन पुरातत्त्वज्ञ ब्लेगनच्या मते भूकंपाने. त्याच तटाआड नंतर दाटीवाटीची घरं उभी राहिली, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले रांजण आले. इ.स.पू. 1180च्या आसपास तीही वस्ती जळाली. राख, बाणांची टोकं, गोफणीचे दगड, माणसांची हाडं, सगळं मिळालं. हल्ला झाला हे पटण्यासारखं आहे; तो कोणी केला याची नोंद मात्र त्या मातीत नाही.

लेखी धागा आहे तो आजच्या तुर्कस्तानात तेव्हा राज्य करणाऱ्या हित्ती राजांच्या मातीच्या पाट्यांत. ‘विलुसा’ नावाच्या राज्याच्या अलाक्सांदु राजाशी हित्ती राजा दुसऱ्या मुवातल्लीने इ.स.पू. 1280च्या सुमारास करार केला. दुसऱ्या एका पत्रात अह्हियावा या परकी सत्तेशी विलुसावरून बिनसल्याचा उल्लेख आहे. विलुसा म्हणजे इलियोस (ट्रॉयचंच दुसरं नाव) आणि अह्हियावा म्हणजे ग्रीक, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. जिच्यासाठी हे युद्ध झालं म्हणतात त्या हेलनचा किंवा दहा वर्षांच्या वेढ्याचा तिथे मागमूस नाही.

‘इलियड’मध्ये काळांची सरमिसळ आहे. दहाव्या सर्गातलं रानडुकराच्या सुळ्यांचं शिरस्त्राण अस्सल मायसिनी काळातलं, म्हणजे कांस्ययुगातल्या ग्रीकांचं. त्याचे नमुने अथेन्सच्या संग्रहालयात आहेत, आणि होमरच्या कितीतरी आधी ते वापरातून गेलं होतं. उलट वीरांना चितेवर जाळणं ही नंतरची रीत, मायसिनी राजे प्रेतं पुरत. रथ तर वीराला रणात सोडून बाजूला उभे राहतात; ज्याने रथयुद्ध फक्त ऐकलंय त्याचं हे वर्णन. दुसऱ्या सर्गातल्या 1186 जहाजांचा आकडा शब्दशः घ्यायचं कारण नाही.

शेवटी उत्तरेच्या कडेला या. वारा इतका की टोपी सांभाळावी लागते, आणि होमरही या नगराला ‘वाऱ्याचं’ म्हणतो. समोर सपाट शेतं, समुद्र पाचेक किलोमीटर लांब. जमिनीत भोकं पाडून काढलेल्या गाळाच्या नमुन्यांवरून कळतं, की इथे एकेकाळी खाडी आत शिरलेली होती. कारामेंदेरेस, म्हणजे होमरची स्कामांद्रोस, आणि द्युमरेक या नद्यांनी ती बुजवली. त्यामुळे ग्रीकांचा तळ आजच्या किनाऱ्याच्या नकाशावर शोधू नये. काहींच्या मते जहाजं पश्चिमेच्या बेशिक उपसागरात लागत असावीत. स्वतःचं वाहन असेल तर तिकडेही जाता येतं.